शब्दांचा शेजार

इंग्रजीचे व्याकरण उत्तम जाणणारा मनुष्यही पैशाची गोष्ट निघाली की अडखळतो. ‘या घड्याळाची किंमत महाग आहे’ असे मराठीत जाणकार म्हणत नाहीत. घड्याळ महाग असते, किंमत जास्त असते. इंग्रजीतही हाच विवेक आहे. वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘चीप’. ‘प्राइस’ मात्र ‘हाय’ किंवा ‘लो’. तरीही घरी हा भेद सहज पाळणारा विद्यार्थी निबंधात ‘एक्स्पेन्सिव्ह प्राइस’ लिहून जातो. कारण त्याने शब्द सुटे सुटे पाठ केलेले असतात. त्यांचा शेजार पाहिलेला नसतो.

हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाने ही अडचण ओळखली, आणि टोकिओ येथे असताना १९३३ साली इंग्रजीतील अशा शब्दजोडण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला.

पैशाच्या शब्दांची घरे ठरलेली आहेत. आगगाडीचे ‘फेअर’, वकिलाची ‘फी’, घराचे ‘रेंट’ आणि मालाची ‘प्राइस’. क्रियापदेही ठरलेली. खर्च आपण सोसतो, तसा इंग्रज ‘कॉस्ट’ ‘बेअर’ करतो. आपण खर्च भागवतो, तेथे तो ‘मीट’ करतो. येथे मराठीचा कान उपयोगी पडतो. पण सर्वत्र नव्हे. आपण किंमत मोजतो. इंग्रजीत ‘प्राइस’ द्यावी लागते, म्हणजे ‘पे’ करावी लागते. ‘काउंट द कॉस्ट’ हा प्रयोग आहे खरा, परंतु त्याचा अर्थ पैसे मोजणे नव्हे. पाऊल टाकण्यापूर्वी परिणामांचा हिशेब करणे, हा होय.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. व्यापाऱ्याने पत्रात माल ‘ॲट कॉस्ट’ देऊ असे लिहिले, तर नफा न घेता मूळ खर्चात देण्याचे ते वचन झाले. तेथेच ‘ॲट एनी कॉस्ट’ लिहिले, तर काय वाटेल ते झाले तरी माल पोहोचविण्याची हमी झाली. मध्ये एक इवलासा शब्द आला आणि वचन पालटले! पहिल्यात नफा जातो, दुसऱ्यात प्रसंगी पत.

म्हणून नवा शब्द वहीत एकटा टिपू नये. त्याचे विशेषण, त्याचे क्रियापद आणि एक संपूर्ण वाक्य यांसह तो लिहावा. माणसाप्रमाणे शब्दाचीही खरी ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते.