मलिद्याच्या ताटातली कलेजी

(तू बिश्वाटच्या संध्याकाळी सिनेगॉगच्या सभागृहात केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आज या देशातील शाळांतून झाडे लावली गेली. आपल्या कोकणातील पूर्वजांसाठी मात्र हा दिवस एलियाहू हन्नाबीचा उरूस होता. अलिबागजवळच्या खंडाळे गावी हन्नाबीने दर्शन दिले आणि तेथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी आपली श्रद्धा आहे. त्या स्मरणाने आज मलिद्याचे ताट आपल्यासमोर आहे.

या ताटाविषयी समितीपुढे एक सूचना आली आहे. पुढील वर्षापासून त्यातील कोंबडीची कलेजी वगळावी, अशी ती सूचना. सूचना करणारी मंडळी आपलीच आहेत, आणि त्यांचे कारण क्षुल्लक नाही. ताटात कलेजी असली म्हणजे सोहळा मांसाहारी होतो. मग त्यानंतर दुधाचा चहा नाही, कॉफी नाही, पनीर भरलेले बोरेकास नाहीत. शिवाय परक्या घरांतून आलेल्या आपल्या सुना-जावयांना गोड पोह्यांशेजारी तळलेली कलेजी पाहून नवल वाटते. नातवंडे नाक मुरडतात. या सूचनेवर मला बोलायचे आहे. कारण चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मी स्वतः ती कलेजी ताटातून काढायला लावली होती.

माझ्या थोरल्या मुलाचा बार मित्स्वा होता. आईने पहाटे उठून मलिदा केला. जाड पोहे धुऊन निथळले, त्यांत ओला नारळ, साखर, वेलची, जायफळ, बदाम आणि मनुका घातल्या. भोवती पाच फळे मांडली, सब्जाची डहाळी ठेवली. कलेजी तिने रीतीप्रमाणे मीठ लावून आधी विस्तवावर भाजली, कारण कलेजीतले रक्त केवळ खारवून जात नाही. मग ती तेलात परतली. पाहुण्यांत माझ्या कचेरीतली माणसे होती, पोलंड, मोरोक्को आणि इराकहून आलेल्या कुटुंबांतली. ती ताटाकडे पाहून काय म्हणतील, या धास्तीने मी आईला म्हटले, “एवढी कलेजी आत घेऊन जा.” आई काही बोलली नाही. तिने वाटी उचलली आणि वर रुमाल झाकून ती आत नेली. त्या दिवशी हजानांनी आशीर्वाद म्हटले तेव्हा ताटात एक जागा रिकामी होती. ती फक्त आम्हा दोघींनाच दिसत होती.

माझी धास्ती आभाळातून पडली नव्हती. आम्ही या देशात आलो तो काळ वयस्कांना आठवत असेल. बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयीच तेव्हा प्रश्न विचारले जात होते. लग्न लावायला गेलेल्या जोडप्यांना आजीपणजीपर्यंतची चौकशी सोसावी लागे. आपल्या लोकांनी धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले, तेव्हा कुठे तो विषय मिटू लागला. कागदावर मिटला, तरी मनातून तो लवकर गेला नाही. आपले काहीही वेगळे दिसले की आम्ही ते चटकन झाकत असू.

परंतु झाकायचे ते काय आणि कुणापासून, हे तेव्हा मला उमगले नव्हते. त्याच पाहुण्यांच्या घरी मी पुढे जेवले. पोलंडच्या बाईंनी मासा वाढला, तो चक्क साखर घातलेला, आणि सोबत नाकात झणझणणारी मुळाची लाल चटणी. मोरोक्कोच्या कुटुंबात मटणात सुकी आलुबुखारे शिजत होती. इथल्या उन्हाळ्यात सारा देश कलिंगडाबरोबर खारे पनीर खातो आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. इराकी यहुद्यांच्या साबिखमध्ये तळलेले वांगे आणि उकडलेले अंडे असते, आणि त्यावर पिवळी, आंबट ‘अंबा’ ओततात. मुलांनो, तुम्ही गाडीवर उभे राहून “अंबा घाल” म्हणता तेव्हा मराठी बोलत असता. मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी यहुद्यांबरोबर कैरीचे ते लोणचे इराकला गेले, तेथून या देशात आले, आणि आपला ‘आंबा’ हा शब्द त्याच्या अंगाला चिकटून राहिला. प्रत्येकाचे ताट शेजाऱ्याला विचित्रच दिसते. मी मात्र एकट्या माझ्या आईचे ताट झाकले.

आता त्या ताटाकडे नीट पाहू या. मलिदा हे नाव आपल्या एकट्यांचे नाही. दर्ग्यावरही मलिदा वाटतात, पण तो पोळीचा चुरमा आणि गूळ यांचा असतो. आपण नाव घेतले आणि कोकणातले पोहे-नारळ घेतले. पण ताटाची मांडणी मात्र आपल्या धर्माची आहे. खजुराला झाडाच्या फळाचा आशीर्वाद आहे. केळ्याला तो नाही; केळ दिसायला झाड असली तरी शास्त्राने तिला झाड मानलेले नाही, म्हणून केळ्यावर जमिनीच्या पिकाचा आशीर्वाद म्हणतात. सब्जाच्या डहाळीला सुगंधाचा आशीर्वाद आहे. आणि जे झाडाला लागत नाही, जमिनीतही उगवत नाही, त्याच्यासाठी आणखी एक आशीर्वाद आहे; तो म्हणायला ताटात कलेजी लागते. गोड पोह्यांशेजारी ती चवीसाठी ठेवलेली नाही. मी या ताटाकडे प्रार्थनेच्या पुस्तकासारखी पाहते. ज्या काळात कोकणातील खेड्यांत आपल्याजवळ पुस्तके नव्हती, त्या काळात ताट पाहून कोणता आशीर्वाद राहिला ते कळत असे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आपली ओळख कशी पटली, याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दावीद रहाबी कोकणात आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत काय, अशी त्यांना शंका होती. त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. परंपरा सांगते की एवढ्यावर त्यांची खात्री पटली. त्या बायकांना हिब्रू येत नव्हते. त्यांनी कोणताही दाखला काढून दाखवला नाही. त्यांच्या हाताला काय घ्यावे आणि काय टाकावे ते ठाऊक होते.

आपल्या सणांची जुनी नावेही तेच सांगतात. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास आपल्याकडे ‘बिरड्याचा रोजा’ झाला, कारण तो मोड आलेल्या वालांनी सोडत. तिश्रीच्या आरंभी ‘खिरीचा सण’ आला. इतिहासाची पाने हरवली, तरी वाल भिजत घालण्याची तिथी चुकली नाही.

आता सूचनेतील खऱ्या अडचणीकडे येते: कलेजीनंतर दूध चालत नाही, मग पाहुण्यांना द्यायचे काय? मंडळी, हा प्रश्न आपल्या पणज्यांना शेकडो वर्षे होता, आणि त्यांनी तो नारळाने सोडवला. आपल्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून, पिळून चीक काढायचा, वरचे निवळ पाणी ओतून टाकायचे, मग नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचा. इतर मराठी घरांत ‘चीक’ म्हटले की काहींना व्यालेल्या गाईचे दूध आठवते. आपल्या हलव्यात गाईच्या दुधाचा थेंब नाही, म्हणून तो मांसाच्या जेवणानंतर निर्धास्त खाता येतो. आपल्याजवळ उत्तर तयार असताना बोरेकाससाठी प्रश्नच काढून टाकायचा, हे मला पटत नाही.

मात्र एक कबूल करते. कित्येक घरांत पूर्वीपासून कलेजी ठेवत नाहीत. त्यांचा मलिदा उणा आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना ती खायची नसेल त्यांच्यावर सक्तीही नको. परंतु आपल्या सिनेगॉगच्या ताटात ती आजवर होती. ती जायचीच असेल, तर विचारपूर्वक जावी. कुणाच्या नजरेला भिऊन किंवा चहाच्या सोयीसाठी जाऊ नये. भीतीपोटी काढलेली वस्तू परत ठेवायला किती वर्षे लागतात, ते मी अनुभवले आहे. आई गेल्यानंतरच्या पहिल्या तू बिश्वाटला मी कलेजी भाजायला घेतली, तेव्हा लक्षात आले की ती परतताना आई कोणता मसाला टाकत असे ते मी कधी विचारलेच नव्हते. तिने मला पुन्हा सांगायचा प्रसंगच मी ठेवला नव्हता. आज या ताटात आहे ती माझ्या अंदाजाची कलेजी आहे.

म्हणून समितीला माझी विनंती अशी की निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक घरातील वयस्क बाईला विचारून त्यांच्या ताटात काय काय असे, किती असे आणि का असे, ते लिहून घ्यावे. हे काम मुलांनी करावे. हिब्रूत लिहिले तरी चालेल.

आता हजान साहेब आशीर्वाद म्हणतील. मुलांनो, केळे हातात घ्याल तेव्हा कोणता आशीर्वाद ऐकू येतो त्याकडे कान ठेवा. आजचा चहा गवती चहाचा आहे, बिनदुधाचा. सोबत चिकाचा हलवा आहे. तीन दिवस गहू भिजवून मी तो घरी केला आहे. कृपया कोणी न खाता जाऊ नये. शालोम.