ताप उतरला म्हणजे हिवताप गेला असे नव्हे

(धानपट्ट्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोवणी, खते आणि तुडतुडे यांविषयी आपण सकाळपासून ऐकत आहात. मी ज्या रोगाविषयी बोलणार आहे तो धानावर पडत नाही, धान लावणाऱ्या माणसावर पडतो. ऐन हंगामात घरचा कर्ता माणूस हिवतापाने अंथरुणाला खिळला की रोवणी लांबते, मजुरी बुडते आणि औषधपाण्यासाठी उसनवारी करावी लागते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्या तर जिवावरच बेतते. "मागे गोळ्या खाल्ल्या, बरे वाटले, मग पुन्हा ताप कसा आला?" असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचेच उत्तर आज पाहू.

ॲनॉफिलीस जातीची मादी चावली की हिवतापाचे जंतू प्रथम यकृतात जातात. तेथे वाढून ते रक्तात उतरतात व तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फॅल्सिपॅरम असे या जंतूंचे दोन मुख्य प्रकार आढळतात. दोन्ही पुन्हा उलटू शकतात, पण त्यांची रीत वेगळी आहे.

व्हायवॅक्सची रीत लव्हाळ्यासारखी आहे. निंदणात वरचे गवत निघते, बांधी स्वच्छ दिसते; पण जमिनीतील गाठी तशाच राहतात आणि त्यांना पुन्हा कोंब फुटतात. व्हायवॅक्सचे काही जंतू असेच यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातील जंतू मरतात, ताप उतरतो. यकृतातील झोपलेल्या जंतूंवर मात्र या गोळ्यांचा परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास न चावताही ताप येतो. या गाठी मारण्यासाठी प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवल्या, तर लव्हाळा वरवर कापल्यासारखेच होते.

फॅल्सिपॅरमचे जंतू यकृतात झोपून राहत नाहीत, पण हा प्रकार अधिक घातक आहे. तो मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. औषध अर्धवट घेतले किंवा औषधाला जंतू दाद देईनासे झाले, तर रक्तात उरलेले थोडे जंतू पुन्हा वाढतात. शिवाय ताप उतरल्यानंतरही डासाला लागण देणारे जंतू काही आठवडे रक्तात राहू शकतात. म्हणून संयुक्त औषधाच्या तीन दिवसांच्या मात्रेबरोबर प्रायमाक्विनची एक मात्रा देतात. ती रोग्यापेक्षा शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी असते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लक्षात येते. हिवताप सतत असलेल्या गावात मोठ्या माणसांना वारंवार लागण होऊन थोडी प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या रक्तात जंतू असतात, पण ताप नसतो. ती माणसे शेतावर जातात, कामासाठी परगावी जातात. डास त्यांना चावतो, साधारण दहा ते पंधरा दिवसांत त्याच्या अंगात जंतू तयार होतात आणि मग तो घरातील तान्ह्या मुलाला चावतो. कोरड्या दिवसांत डास कमी झाले तरी रोगाचे बियाणे असे माणसांतच टिकून राहते. पाऊस पडून डास वाढले की साथ उसळते.

देशाच्या पातळीवरही हेच घडले आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघर डी.डी.टी. फवारली गेली आणि १९६१ साली रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. रोग संपलाच, असे अनेकांना वाटले. पुढे काम ढिले पडले, डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आणि १९७६ साली सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. थोडे बियाणे शिल्लक राहिले तर केवढे पीक येते, हे यावरून ध्यानात येईल.

मग आपण काय करावे? कोणताही ताप आला तर त्याच दिवशी आशा स्वयंसेविकेकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. कोणता जंतू आहे हे विचारावे, कारण त्यावर औषध ठरते. दुकानातून एक-दोन गोळ्या आणून ताप दाबू नये. व्हायवॅक्स असल्यास चौदा दिवसांच्या गोळ्यांची कॅलेंडरवर खूण करावी. मात्र गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना प्रायमाक्विन देत नाहीत. काही जणांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो, त्यांनाही ते बाधते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठावा. पुन्हा ताप आला तर मागील उपचाराचा कागद बरोबर न्यावा.

गावात रक्त तपासणी पथक आले तर ताप नसलेल्यांनीही रक्त द्यावे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत रोज झोपावे. तिचा उपयोग मासे धरण्यास करू नये. फवारणीसाठी घराबरोबर गोठाही मोकळा करून द्यावा, कारण ग्रामीण भागात हिवताप पसरवणारे डास गोठ्यातही विसावतात. फवारलेल्या भिंती लगेच सारवू नयेत. बोडीत व विहिरीत गप्पी मासे सोडावेत.

बंधूंनो, गाठी काढल्याशिवाय लव्हाळा जात नाही, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. तीच दृष्टी हिवतापाबाबत ठेवावी आणि घरात कोणाचेही औषध सुरू असेल, तर त्याची शेवटची गोळी पोटात गेल्याची खात्री करून घ्यावी, एवढीच विनंती.