लसीकरणाची खोली आणि मुलाचे पहिले पुस्तक
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमा-खर्च व विभागवार अहवाल आपल्या हाती आहेच. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेत नाही. रुग्णालयाच्या अहवालात सहसा न आढळणाऱ्या एका विषयाकडे मात्र आपले लक्ष वेधावयाचे आहे. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात मुलाला भाषेची व पुस्तकाची गोडी लागावी, यासाठी समाज काय करू शकतो, हा तो विषय होय.

‘रुग्णालयाचा आणि पुस्तकांचा संबंध काय?’ असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या चर्चेत उपस्थित झाला. प्रश्न रास्त आहे. देणगीचा रुपया आपण औषधासाठी, उपकरणासाठी आणि गरजू रुग्णाच्या खाटेसाठी देता. तो अन्यत्र वळवावयाचा, तर त्याचे कारण देणे आमचे कर्तव्य ठरते.

मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत बसू लागते आणि सहाव्या वर्षी पहिलीत जाते. तत्पूर्वीच्या काळात पालक ठरलेल्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन स्वतःहून ज्या दारी येतात, ते दार आरोग्यसंस्थेचे असते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मतः, दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यानंतर, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी मुलाला लस द्यावयाची असते. लस टोचल्यावर अर्धा तास थांबावयास सांगितले जाते. हा अर्धा तास आजवर रिकामाच जात आला आहे. रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो आणि मूल गप्प होते. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. परंतु मोबाइल काढून घ्या, एवढे सांगून भागत नाही. त्या जागी काय द्यावे, हेही सांगावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विरारहून डहाणूकडे जाणारी गाडी ज्या भागात पोहोचते, त्याच भागात ते काम उभे राहिले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथून रुजली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने आणि माती ही त्यांची साधने होती. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. मूल येत नसेल, तर मूल जेथे आहे तेथे आपण जावे, हा त्या दोघींचा धडा. आज लहान मूल लसीकरणाच्या खोलीत आहे. म्हणून पुस्तक तेथे जावयास हवे.

वैद्यकानेही हा मार्ग चोखाळला आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील सार्वजनिक रुग्णालयात १९८९ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीस आलेल्या मुलांना वयानुरूप पुस्तक देण्यास आणि ते कसे वाचावे, हे पालकांना दाखवण्यास प्रारंभ केला. ‘रीच आउट अँड रीड’ या नावाने तो उपक्रम त्या देशात सर्वत्र पसरला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये, मुलाला जन्मापासूनच वाचून दाखवावे, असा सल्ला पालकांना देण्याचे धोरण स्वीकारले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. बालवयातील साक्षरता म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेणे नव्हे. आंघोळ घालताना मुलाशी बोलणे, त्याच्या हुंकाराला उत्तर देणे, अंगाई व बडबडगीते म्हणणे, चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारणे आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगणे, हा तिचा पाया होय. ज्याच्या कानावर शब्द पुष्कळ पडले, त्याला पुढे छापील शब्द परका वाटत नाही. हे करण्यासाठी आई-वडिलांना लिहिता-वाचता आलेच पाहिजे, असेही नाही. चित्र पाहून आपल्या मनची गोष्ट रचणारी निरक्षर आजी हीसुद्धा मुलाची पहिली शिक्षिकाच असते.

आपल्या वसई-विरार परिसरात घराघरांत कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी, वारली अशा बोली नांदतात. त्यात हिंदी, भोजपुरी आणि गुजराती बोलणारी कुटुंबे येऊन मिळाली आहेत. शाळेत बोली चालणार नाही, या धास्तीने कित्येक पालक मुलाशी मोडक्यातोडक्या प्रमाण भाषेत अथवा इंग्रजीत बोलतात आणि बोलण्याचे प्रमाणच घटते. आमचे त्यांना सांगणे असे, की ज्या भाषेत आपण मनापासून हसता, त्याच भाषेत मुलाशी बोला. एका भाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषाही सुलभतेने उचलते. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आई-बापांना दिवसभर देता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निजण्यापूर्वीची दहा मिनिटे बहुतेकांच्या हाती असतात.

या कामाचा निखळ वैद्यकीय लाभही आहे. पुस्तक समोर धरले, की मूल चित्राकडे पाहते का, हाकेला वळते का, बोट दाखवते का, हे परिचारिकेच्या सहज ध्यानात येते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणाऱ्या मुलाची श्रवणतपासणी विनाविलंब व्हावयास हवी. ‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले होते’ अशा समजुतीत मोलाचे महिने निघून जातात. ऐकू न येणारे मूल जितक्या लवकर ओळखले जाईल, तितका उपचाराचा उपयोग अधिक.

आता खर्चाविषयी. आमची योजना लहान आहे. लसीकरण कक्षाच्या कोपऱ्यात एक सतरंजी, मुलाचा हात पोहोचेल एवढे बुटके कपाट, चित्रपुस्तके आणि त्या अर्ध्या तासात गोष्ट सांगणारा एक स्वयंसेवक. प्रत्येक ठरलेल्या लसीच्या वेळी मुलाला एक पुस्तक घरी नेण्यास द्यावे. कपाट हा एकदाच होणारा भांडवली खर्च. पुस्तकांची नोंद मात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होऊ नये, असा आमचा आग्रह आहे. तेथे नोंदलेली वस्तू जपावी लागते, जपण्यासाठी कुलूप लागते आणि कुलपातील पुस्तक कोणी वाचत नाही. लहान मूल पुस्तक चावते, ओढते, फाडते. म्हणून कापूस व गॉज यांप्रमाणे पुस्तक ही वापरून संपणारी वस्तू मानावी आणि तिच्यासाठी दरवर्षी तरतूद करावी. फाटलेले पुस्तक ही या खात्यातील हानी नसून वापराची पावती आहे.

साहित्याची वाण नाही. नॅशनल बुक ट्रस्ट व प्रथम बुक्स यांची अल्प किमतीची पुस्तके मराठीत मिळतात; २०१५ पासून ‘स्टोरीव्हीवर’ या संकेतस्थळावर गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्याच जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथून ‘क्वेस्ट’ ही संस्था बालशिक्षणाचे काम करीत आहे. अशा अनुभवी मंडळींकडून शिकता येईल. इयत्ता तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने ठेवले आहे. ते केवळ शाळेच्या खांद्यावर टाकून साध्य होणार नाही.

म्हणून आपणांस तीन विनंत्या. देणगीदारांनी वाढदिवस वा स्मृतिदिनानिमित्त एका महिन्याच्या पुस्तकांचा भार उचलावा. सेवानिवृत्त शिक्षक व ज्येष्ठ नागरिकांनी आठवड्यातील एक सकाळ लसीकरणाच्या दिवशी द्यावी; त्यांनी आपल्या बोलीतच गोष्ट सांगावी. आणि पालकांनी मुलाला लस देण्यास आणताना मोबाइल पिशवीत ठेवून यावे.

विश्वस्त मंडळाने या प्रस्तावास अनुमती द्यावी, अशी नम्र प्रार्थना आहे. लसीच्या नोंदीसाठी पालक कार्ड जपून ठेवतात. त्याच पिशवीत घरी जाताना एक पुस्तकही असावे, एवढीच आमची अपेक्षा.