यंत्राचे झाकण उघडणारी मंडळी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिल्याप्रमाणे)



इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या गाभ्याविषयी बोलावे हे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु माझा विषय यंत्राचा आहे त्याहून अधिक माणसे एकत्र बसून यंत्र कसे शिकतात याचा आहे, आणि तो शिक्षकाच्या अखत्यारीबाहेरचा खचितच नाही. शेवटी एक मागणीही करावयाची आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपण सावध राहून ऐकाल: मला आपल्या प्रयोगशाळेची किल्ली हवी आहे, महिन्यातून एका रविवारी.

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पडदा आणि बटणांची पाटी येते. पण जगातले बहुसंख्य संगणक पडद्याविनाच राबत असतात. सकाळी आपण दूध संस्थेत कॅन घेऊन जाता. काट्यावर वजन होते, नमुना यंत्रात जातो, फॅट कळते, दर निघतो आणि चिठ्ठी बाहेर पडते. त्या काट्याच्या आणि त्या यंत्राच्या पोटात एकेक लहानसा संगणक आहे. त्याला दुसरे कोणतेही काम नाही, आणि ते एक काम मात्र त्याने चुकवता कामा नये. इचलकरंजीच्या नव्या मागांत तो आहे, शिरोलीच्या सीएनसी यंत्रांत तो आहे, घरच्या वॉशिंग मशीनमध्येही आहे. यालाच इंग्रजीवरून 'एम्बेडेड' म्हणतात, म्हणजे यंत्रात बसवून टाकलेला.

कल्पना आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पंचगंगेकडे पाहू लागतो. ते सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचले की आपोआप उघडतात, उतरले की आपोआप मिटतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हा आकडा तर कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतो. असे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले होते. तेथे वीज नाही, संगणक नाही. तरीही पातळी ओळखणे आणि त्याप्रमाणे वेळेवर कृती करणे, ही एम्बेडेड यंत्रणेची दोन्ही कामे तेथे होतात. आज तेच काम नखाएवढ्या चकतीकडे आले, इतकाच फरक.

आता या चकतीला चालवणारा कोणी तरी हवा. कोणाला आधी वेळ द्यायचा, स्मृती कोणाला किती, तारेवरून आलेला निरोप कोणाकडे पोचवायचा, हे ठरवणाऱ्या मध्यवर्ती भागाला कर्नल म्हणतात. आपण गाभा म्हणू. लिनक्स हा असाच एक गाभा. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण असे काहीतरी करीत आहोत असे चारचौघांना कळवले. पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. १९९२ मध्ये त्याने तो जीपीएल या परवान्याखाली दिला. या परवान्याचा मथितार्थ असा: घ्या, उघडा, बदला, विका, मात्र बदललेले दुसऱ्याला देताना त्याची मूळ लिखावटही द्या.

ही अट कागदोपत्री नाही, हे एका डबीवरून कळते. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा इंटरनेटचा राउटर होता. २००३ मध्ये चौकस मंडळींनी त्यात डोकावून पाहिले तर आत लिनक्स! परवान्याप्रमाणे लिखावट मागितली गेली आणि कंपनीने ती दिली. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तो आज कितीतरी कंपन्यांच्या जुन्या राउटरवर चालतो. भंगारात जाणारी डबी विद्यार्थ्याच्या हाती प्रयोगाची पाटी होऊन येते. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घराघरांत अशी एक मेलेली डबी माळ्यावर पडलेली असतेच.

गाभ्याचे काम किती नाजूक असते याचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. छायाचित्रे येऊ लागली आणि थोड्याच दिवसांत यानाचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. त्यातला गाभा लिनक्स नव्हता, व्हीएक्सवर्क्स नावाचा होता. पण दुखणे कुठल्याही गाभ्याला होणारे.

समजा, मुख्याध्यापकांना हजेरीपत्रक तातडीने हवे आहे. ते ज्या कपाटात आहे त्याची किल्ली शिपायाकडे. शिपाई कपाट उघडून आपले बारीकसे काम उरकतो आहे, दोन मिनिटांत किल्ली मोकळी होईल. इतक्यात एक मधल्या दर्जाचे साहेब येतात आणि शिपायाला थांबवून आपलेच काम सांगत बसतात. साहेब शिपायाहून मोठे, म्हणून शिपाई गप्प. मुख्याध्यापक साहेबांहून मोठे, पण ते किल्लीसाठी शिपायावर अडून बसलेले. म्हणजे सर्वांत मोठा माणूस मधल्याच्या गप्पांमुळे ताटकळला! यानात नेमके हेच घडत होते. हवामानाची माहिती गोळा करणारे कनिष्ठ काम किल्ली धरून होते, मध्यम दर्जाचे दळणवळणाचे काम त्याला पुढे सरकू देत नव्हते आणि सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते. वेळेत काम झाले नाही की सगळे बंद करून नव्याने सुरू करणारा एक पहारेकरी अशा यंत्रात ठेवलेला असतो. तो आपले कर्तव्य चोख बजावत होता, म्हणूनच संगणक पुनःपुन्हा सुरू होत होता.

अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधले आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. उपाय साधा होता. किल्ली ज्याच्या हाती आहे आणि जिच्यासाठी मोठा माणूस खोळंबला आहे, त्या शिपायाला तेवढ्या वेळापुरता मुख्याध्यापकांचा दर्जा द्यायचा. मग मधले साहेब त्याला थांबवू शकत नाहीत. हाच उपाय लिनक्समध्येही आहे. आणि ठरलेल्या क्षणी काम झालेच पाहिजे अशी शिस्त पाळणारा जो भाग जवळजवळ वीस वर्षे बाहेरच्या ठिगळांच्या रूपात वाढत होता, तो २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य गाभ्यात पूर्णपणे सामावला गेला. दरम्यान २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरवर तर लिनक्सच होते.

आता माणसांकडे येतो. एवढा मोठा गाभा कोणत्याही एका कचेरीत लिहिला जात नाही. कोणीही, कुठूनही, एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. तिला पॅच म्हणतात. आपण ठिगळ म्हणू या, गोधडीला लावतो तसे. ते सर्वांसमोर मांडायचे, जाणत्यांनी त्यात खोट काढायची, आपण ते सुधारून पुन्हा मांडायचे, आणि मान्य झाले की खाली आपले नाव. मांडणाऱ्याची जात, गाव, पदवी कोणी विचारत नाही; ठिगळ बसते की नाही एवढेच पाहतात. बोलणे मात्र कधीकधी कडक असते. आपल्याकडे गॅरेजमधला उस्ताद शागीर्दाच्या हातातला पाना हिसकावून घेतो, त्यातलाच प्रकार.

पण परक्या भाषेत, अनोळखी माणसांसमोर, पहिले ठिगळ मांडायला छाती लागते. ती छाती गावातल्या बैठकीत तयार होते. पुण्यात 'प्लग' या नावाने ओळखला जाणारा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत त्याच्या मासिक बैठका भरत आणि तिथेच 'ग्नूनिफाय' हा मोठा मेळावाही अनेक वर्षे होत असे. नोकरदार, विद्यार्थी, हौशी सारे एका खोलीत. कोणी यंत्र घेऊन येई, कोणी अडचण घेऊन. पुण्यात गाभ्याचे काम जाणणारी माणसेही होती. अमित काळे या अभियंत्याने चालू गाभ्यातला दोष शोधण्याचे केजीडीबी नावाचे साधन कित्येक वर्षे जोपासले. ते साधन पुढे इतरांच्या हातांनी घडत २००८ मध्ये मूळ लिनक्समध्ये घेतले गेले. अशा नगरात नवशिक्याला विचारायला कोणी तरी भेटते. कोल्हापूरचा मुलगा त्यासाठी पुण्याची एसटी धरतो, आणि बहुधा परत येत नाही.

हे मला खटकते, कारण आपल्या नगराचा स्वभाव मुळात झाकण उघडून पाहण्याचा आहे. बाबूराव पेंटरांनी विलायती यंत्राचा अभ्यास करून १९१८ मध्ये येथेच चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, दामल्यांसारखा जोडीदार हाताशी होता. त्याच कॅमेऱ्याच्या बळावर कोल्हापुरात चित्रपटाचा धंदा उभा राहिला. शिवाजी उद्यमनगरात मिस्त्री लोकांनी इंजिने खोलली, पाहिली आणि स्वतः ओतून काढली. आपल्या समाजातली किती घरे वायरिंग, लेथ, गॅरेज, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती यावर उभी राहिली हे मी आपणास सांगावयास नको. त्या घरातल्या मुलाचा हात आधीच तयार असतो. झाकण उघडायला तो भीत नाही. मात्र आता झाकणाखाली गिअर नसून लिखावट असते, आणि ती वाचायला त्याला कोणी शिकवलेले नसते. सीएनसी यंत्राचा बोर्ड जळला की बाहेरगावचा माणूस येतो आणि सांगेल ती किंमत मोजावी लागते. लिनक्ससीएनसी नावाची, लेथ आणि मिलिंग चालवणारी, सर्वांना खुली प्रणाली आहे. तिची मुळे अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत आहेत. जुने यंत्र तिच्यावर चालवून पाहण्याची हिंमत उद्यमनगराच्या पोराने करू नये तर कोणी करावी?

पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. मुलाला क्लास लावताना आपण प्रमाणपत्राची चौकट आधी पाहता. कर्ज काढून फी भरणारे पालक मी पाहिले आहेत. मुलगा सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन येतो आणि दूध संस्थेचा काटा बिघडला तर हात लावत नाही. क्लास वाईट असे मी म्हणत नाही. काही चांगले आहेत. पण लिनक्सची लिखावट फुकट, तिचे ज्ञान फुकट, आणि २०१२ पासून रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे संगणक बाजारात मिळू लागले आहेत. मग खरी टंचाई कशाची? सोबतीची आणि जागेची.

भाषेची अडचण आहे, नाही असे नाही. घरात दक्खिनी, शाळेत मराठी आणि यंत्रात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या आपला मुलगा चढतो. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षे मुक्त संगणक प्रणालीच शिकवली जाते. तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांना हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मराठीत समजावणारा मोठा भाऊ शेजारी बसला की निम्मे इंग्रजी आपोआप सुटते. माझे काही माजी विद्यार्थी आज नोकरीत आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी महिन्यातून एक रविवार कोल्हापुरात घालवायचे कबूल केले आहे. मानधन मागितलेले नाही.

आता किल्लीकडे येतो. रविवारी प्रयोगशाळा बंद असते आणि त्याची कारणे मला ठाऊक आहेत. सामान हरवेल, वायर जळेल, जबाबदार कोण? उत्तर असे की मी दहा ते दोन स्वतः हजर राहीन, नोंदवहीत प्रत्येक वस्तू लिहिली जाईल, आणि शाळेचे नवे संगणक आम्ही खोलणार नाही. वीजबिलाचा प्रश्न कोणी काढला तर तो मासिक वर्गणीतून भागेल. मुलांची शाळा, जात, धर्म यांची अट ठेवू नये असे मला वाटते. शिरोलीतल्या कारखान्याचा कामगार आला तर त्यालाही बसू द्यावे, त्याच्याकडून आम्हीच अधिक शिकू. मुलींसाठी निराळी वेळ हवी की एकत्र, हे पालकांनी सांगावे. पण मुली येतील हे गृहीत धरूनच बाके मांडू.

पहिल्या बैठकीत भाषण होणार नाही. जुना राउटर उघडू, त्याच्या बोर्डावरचे तीन-चार टाके शोधू, तार जोडू आणि सुरू होताना तो काय पुटपुटतो ते पडद्यावर ओळीओळीने वाचू. प्रत्येक ओळ म्हणजे गाभा एकेका अवयवाला जागे करीत असतो. दुसऱ्या बैठकीला वजनकाटा, तोही बिघडलेला, आणावा. तिसरीविषयी आत्ता काय सांगणार!

पालकहो, माळ्यावरची मेलेली डबी, तुटलेला खेळण्यातला रोबो, बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स भंगारवाल्याला देण्याआधी शाळेत पाठवा. सोल्डरिंगची लोखंडे दोन आहेत, तिसरे हवे आहे. मल्टिमीटर कोणाकडे जास्तीचा असेल तर सांगावे. आणि व्यवस्थापक मंडळाच्या पुढच्या सभेत किल्लीचा विषय घ्यावा, ही विनंती मी अध्यक्षांना लेखी दिलेली आहे.