सह्याद्रीतील लहान वन्यप्राणी : ओळख आणि आनंद
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सहल डोंगरात जाणार म्हटले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सर, वाघ दिसेल का?" २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून तर हमखास. वाघ दिसणे नशिबाची गोष्ट आहे. पण जो अर्धा तास गप्प बसू शकतो, त्याला लहान जनावरे बहुधा दिसतातच.

माझे बालपण पाटणच्या बाजूला गेले. आठ-नऊ वर्षांचा असेन. उंच झाडावर, फांदीच्या पार टोकाला, टोपलीएवढा पाल्याकाटक्यांचा गोळा दिसला. कावळ्याचे घरटे समजून आम्ही पोरांनी तो धोंडे मारून पाडला. आत एक पिल्लू निघाले. ते पाखरू नव्हते, शेपटीवाले जनावर होते. रात्रीच ते मेले. अब्बांच्या धाकाने मी कोणाला काही विचारले नाही. ते शेकरू होते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

याच वयाच्या एका मुलाने मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. त्याने मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी रागे न भरता त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलर्डसाहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखविला. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. पालकांनी या मामांकडे जरूर लक्ष द्यावे.

आता ओळखीकडे वळू. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपूट अंगाएवढे लांब व झुबकेदार. ते दिवसा हिंडते, म्हणून महाबळेश्वर-कोयनेच्या दाट झाडीत सकाळी पाहावे. नजर जमिनीवर नको, शेंड्यांवर ठेवा. एका झाडावरून दुसऱ्यावर ते वीस-वीस फूट झेपावते. घरटे बारीक फांदीच्या टोकाला असते, कारण जड शत्रू तेथवर पोहोचत नाही. (आमचे धोंडे पोहोचले, हे दुर्दैव.)

रात्रीच्या दोन जनावरांत मोठी माणसेही फसतात. अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीवर कडी असतील तर जवादी मांजर. शेपटी एकरंगी काळपट असेल तर उदमांजर. हे फळांचे शौकीन. सकाळी खडकावर किंवा गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते येऊन गेले असे समजावे. त्या बिया पुढे रुजतातही.

पिसोरी दिसणे भाग्याचे. उंची जेमतेम एक फूट, वजन तीनेक किलो, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके व रेघा. तिला शिंगे नसतातच, म्हणून लोक हरणाचे पाडस समजतात. साळिंदर काटे फेकून मारते, हे मात्र खरे नाही. ते पाठमोरे होऊन अंगावर येते आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात.

सहलीला प्रत्येकाने वही न्यावी. तारीख, जागा, वेळ, आकार, शेपूट एवढे तेथेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. मागच्या सहलीत चांदोलीच्या वाटेवर आमच्या एका विद्यार्थिनीला मुंगूस दिसले. तिने लिहिले : "शेपटीचे टोक काळे." गावातल्या करड्या मुंगसाचे टोक काळे नसते. तांबूस मुंगसाचे असते, आणि मानेवर काळा पट्टा असलेल्या मोठ्या मुंगसाचेही असते. मी विचारले, "मानेवर पट्टा होता का?" ती म्हणाली, "सर, मान बघायची राहिली." नावाची जागा वहीत अजून कोरीच आहे. यंदाच्या गाडीत खिडकीजवळची जागा तिने आताच मागून ठेवली आहे.