दुकान वैभववाडीत, कोर्ट कुठलं?



इथले काही जण कोकम, मालवणी मसाला, हिजाब ऑनलाइन विकतात, म्हणून आज कोडिंगवर नाही, कोर्टावर बोलतो. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पहिल्या गिऱ्हाइकाची वेबसाइट बनवताना ‘अटी व शर्ती’ मी एका परदेशी साइटवरून जशाच्या तशा उचलल्या. वर्षभराने कुणीतरी दाखवलं, वाद झाल्यास कॅलिफोर्नियाचं कोर्ट!

हसताय, पण मोठ्या ॲपवर विक्रेता म्हणून नाव नोंदवताना तुम्ही करार वाचलात? कोर्ट कुठल्या शहरातलं, हे त्यात बहुतेक लिहिलेलं असतं. आपल्याकडे कुराणातच उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, आणि आपण लिहिलेलंही वाचत नाही! १९७१ साली हकम सिंग विरुद्ध गॅमन खटल्यात वाराणसीत दावा लावला होता, करारात मुंबई होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मुंबईलाच जा. दोन ठिकाणी अधिकार असेल तर करारातलं एक ठिकाण चालतं. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो करार करून देता येत नाही.

ग्राहकाचं मात्र उलट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार चालते. तुम्ही मागवलेला मोबाइल खराब निघाला तर आपल्याच जिल्ह्यात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पण तुमचा मसाला नागपूरला खराब पोचला, तर नागपूरला तुम्ही जायचं. हे लक्षात ठेवूनच पॅकिंग करा.

सगळ्यात जास्त भीती मला ब्रँडच्या नक्कलेची वाटते. अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीने मुंबईच्या रेश्मा कलेक्शनवर दिल्लीत दावा लावला. कंपनीचं दिल्लीत ऑफिस नव्हतं. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने म्हटलं, वेबसाइटवरून दिल्लीच्या ग्राहकांना माल विकते, म्हणजे कंपनी तिथे धंदा करते. मुंबईवाल्यांना दिल्ली! टी-शर्टवर कुणाचाही लोगो छापणाऱ्यांनो, ऐकताय ना?

थोडा दिलासाही आहे. २००९ च्या बनियन ट्री निकालात त्याच हायकोर्टाने सांगितलं, की साइट दिल्लीत नुसती उघडते एवढ्यावर परगावच्या माणसाला तिथे खेचता येत नाही. त्याने तिथलं गिऱ्हाईक जाणूनबुजून गाठलं, व्यवहार केला, हे दाखवावं लागतं. मुद्दाम सापळा म्हणून केलेली एखादी ऑर्डर पुरत नाही.

आता चहा आहे. मोबाइलवर आपापला विक्रेता करार उघडा, ‘न्यायक्षेत्र’ हे कलम शोधा आणि माझ्याकडे या.