सैनिकाच्या कुटुंबाचा हक्क आणि कचेरीतला नियम

(म्हैसूर येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सैनिकांना, निवृत्त सैनिकांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना कायद्याचे जे प्रश्न वरचेवर पडतात, त्यांविषयी मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. मी वकील नाही. माझे काम भाषांतराचे आहे. इंग्रजी कागद मराठीत आणता आणता सरकारी भाषेशी जो परिचय झाला, तेवढ्याच भांडवलावर मी आपल्यापुढे उभी आहे. परंतु या प्रश्नांत भाषेचा वाटा फार मोठा आहे. सैनिकाच्या विधवेचे वा मुलीचे नुकसान पुष्कळदा संसदेने केलेल्या कायद्याने होतच नाही. ते एखाद्या परिपत्रकातल्या दोन शब्दांनी होते, आणि ते शब्द तिला कधी कोणी वाचून दाखवलेले नसतात.

अशा शब्दांची एक हकीकत आपल्या म्हैसूरचीच आहे. तिच्यापासून आरंभ करते.

मद्रास सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बंगळूरला केंद्र असलेल्या मद्रास इंजिनिअर ग्रुपमध्ये एक सुभेदार होते. २००१ साली संसदेवर हल्ला झाल्यानंतर पश्चिम सीमेवर जी मोठी जमवाजमव झाली, त्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सुरुंग निकामी करीत असताना त्यांना मृत्यू आला. मागे राहिलेल्या मुलींपैकी एक तेव्हा दहा वर्षांची होती. ती शिकली, उच्चशिक्षित झाली, यथाकाल तिचे लग्नही झाले. २०२१ साली कर्नाटकातील शासकीय पदवी महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या भरतीची जाहिरात निघाली. माजी सैनिकांच्या राखीव जागांतून अर्ज करावयाचा तर आश्रिताचे ओळखपत्र हवे. ते मागायला ती सैनिक कल्याण खात्याकडे गेली, आणि तिला नकार मिळाला. कारण काय? तिचे लग्न झालेले होते. केंद्रीय सैनिक मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत मुलीला हे ओळखपत्र फक्त विवाहापर्यंत मिळेल, अशी अट होती.

या ठिकाणी बहुसंख्य लोक गप्प बसतात. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही, संपले. ही मुलगी गप्प बसली नाही. ती कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. २०२३ च्या जानेवारीत न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी ती अट घटनेच्या कलम १४ आणि १५ शी विसंगत ठरवून रद्द केली आणि तिला ओळखपत्र देण्याचा आदेश दिला. निकालातला युक्तिवाद कोणाही आजीबाईला समजेल इतका सरळ आहे. मुलाच्या लग्नाने त्याचे मुलगेपण जात नसेल, तर मुलीच्या लग्नाने तिचे मुलगीपण का जावे? बाप सीमेवर गेला तेव्हा तो उद्या परघरी जाणाऱ्या मुलीचा अर्धाच बाप म्हणून गेला नव्हता.

त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सुचवली. इंग्रजीत माजी सैनिकांसाठी ‘एक्स-सर्व्हिसमेन’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्यातले ‘मेन’, म्हणजे पुरुष, काढून टाकावे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही सामावून घेणारा शब्द योजावा, अशी ती सूचना होती. माझ्या धंद्यातली माणसे यावर किंचित हसतील, कारण आपल्याकडे हा प्रश्न शब्दात नाहीच. मराठीत ‘माजी सैनिक’ म्हणतात, कन्नडमध्येही तोच शब्द आहे, आणि त्यात पुरुष कोठे दडलेला नाही. शब्द निर्मळ असूनही व्यवहार मात्र इंग्रजी शब्दाप्रमाणेच चालला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मुद्दा असा की, ही अट केली कोणी? संसदेने केली नाही. विधानसभेनेही केली नाही. ती मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत होती. या मंडळाचा पूर्वज म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली इंग्रज सरकारने स्थापन केलेले ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’. तो काळ कोणता होता? म्हैसूर संस्थानच्या घोडदळाने, म्हैसूर लान्सर्सनी, जोधपूरच्या स्वारांबरोबर २३ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाइनमधील हैफा घेतले, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. लढणारे येथले शेतकऱ्यांचे पोरगे, आणि युद्ध साम्राज्याचे. परत आलेल्या शिपायाला जे काही मिळे ते सरकारच्या किंवा महाराजांच्या मर्जीने: कोणाला जमीन, कोणाला इनाम, कोणाला नुसती शाबासकी. मर्जीने दिलेल्या गोष्टीला देणारा हवी ती अट घालतो. ‘पोरीचे लग्न झाले, आता पुरे’ ही त्याच मर्जीची भाषा आहे. राज्ये गेली, घटना आली, पण कचेरीच्या फायलींतून ती भाषा पुष्कळ वर्षे तशीच वाहत राहिली.

दुसरा दाखला पाहा. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला मासिक भत्ता मिळतो. तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होई; अपवाद एकच, तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर तो चालू राही. म्हणजे दिराशी लग्न करील तर ती वीरपत्नी, परक्याशी करील तर कोणीच नाही! ही अट संरक्षण मंत्रालयाने काढून टाकली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट नाही.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालात निःसंदिग्धपणे मांडले तो नकारा खटल्याचा निकाल आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. तारीख १७ डिसेंबर १९८२. सरकारने निवृत्तिवेतनाचा सुधारलेला हिशेब मार्च १९७९ च्या अखेरीस व त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केला होता. त्याआधी निवृत्त झालेले, मग ते मुलकी असोत वा लष्करी, वाऱ्यावर. अर्जदारांत एक लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थही होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही तारखेची भिंत पाडली. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. केलेल्या सेवेचे हे मागाहून मिळणारे मोल आहे, देणाऱ्याच्या इच्छेवर ते अवलंबून नाही, हा त्याचा गाभा.

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीची मुळे या विचारातच आहेत. २०१५ साली म्हातारे सुभेदार-हवालदार दिल्लीत जंतर-मंतरवर बसले, नोव्हेंबरात आदेश निघाला. मात्र २०२२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले आणि दर पाच वर्षांनी होणारी फेरआखणी १ जुलै २०१९ पासून करण्यास सांगितले. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही.

शिपायाला जास्त छळणारा प्रश्न अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा आहे, आणि तेथे पुन्हा शब्दच आडवे येतात. आजार वा इजा ‘लष्करी सेवेमुळे उद्भवलेली अथवा सेवेमुळे बळावलेली’ असली पाहिजे. वैद्यकीय मंडळ एका ओळीत लिहून मोकळे होते: सेवेशी संबंध नाही. का नाही, हे पुष्कळदा लिहीतच नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी डॉक्टरांनी ठोकून-ठाकून, छाती मोजून घेतलेला निरोगी तरुण, बर्फात आणि वाळवंटात राबवून झाल्यावर आजारी पडतो, आणि त्याला सांगितले जाते की हा रोग तुझ्या घरचा, जन्मजात! २०१३ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका शिपायाचा न्याय केला. सुमारे नऊ वर्षे नोकरी झाल्यावर अपस्माराच्या झटक्यांमुळे त्याला घरी पाठवले होते. न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच मानावयाचे. संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, सैनिकावर नाही. आणि शंकेचा फायदा सैनिकाला. मंडळाने कारणे दिली पाहिजेत. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट ठरली. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे पन्नासच्या आतील असेल तर पन्नासपर्यंत, धरण्याची सवलत केवळ मध्येच घरी पाठवलेल्यांना नाही. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यालाही ती आहे. जुन्या नियमावलीच्या जागी २०२३ साली नवी, अधिक कडक नियमावली आली आहे. तेव्हा आपला माणूस केव्हा निवृत्त झाला आणि त्याला कोणते नियम लागतात, हे आधी पाहावे.

हे सारे मागावयाचे कोठे? येथेही इतिहास बोलका आहे. घटनेच्या कलम ३३ नुसार सैनिकाचे मूलभूत हक्क संसदेला मर्यादित करता येतात. १९५० च्या सेना कायद्याप्रमाणे त्याला संघटना करता येत नाही, परवानगीवाचून वृत्तपत्राकडे जाता येत नाही. लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली तर तिच्यावर एकसुद्धा रीतसर अपील नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या ऑगस्टमध्येच या उणिवेवर बोट ठेवले. तो निकालही न्यायमूर्ती देसाई यांचाच. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ साली. पंचवीस वर्षे! खुनाच्या आरोपीला जे अपील मिळते ते रांगेत उभ्या असलेल्या शिपायाला मिळण्यास पाव शतक लागले.

न्यायाधिकरण २००९ पासून काम करू लागले. दक्षिणेत त्याची पीठे चेन्नईला व कोचीला आहेत. म्हैसूरच्या पेन्शनरला तेथवर जाणे किती परवडते, हे मी आपल्याला सांगायला नको. २०१५ च्या एका निकालाने न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयाची वाट जवळजवळ बंद झाली होती. २१ मार्च २०२३ च्या निकालाने ती पुन्हा मोकळी झाली. हे फार मोलाचे आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाचा खर्च शिपायाच्या पेन्शनीत बसत नाही.

जे सेवेत आहेत त्यांच्या घरचा एक वेगळाच प्रश्न असतो. मुलगा सीमेवर, आणि गावात चुलत्याने वाटणीचा दावा लावलेला. नोटीस घरी येते, म्हातारी आई अंगठा देते, एकतर्फी हुकूमनामा होतो. यावर १९२५ चा ‘इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट’ आहे. सैनिक युद्धाच्या वा तशा विशेष परिस्थितीत सेवेवर असेल तर त्याच्याविरुद्धचे कामकाज तहकूब करता येते, त्याच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करून घेता येतो, आणि तो काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला जातो. कायदा इंग्रजांचा आहे, हेतूही त्यांचाच होता. गावाकडच्या भांडणाने शिपायाचे चित्त विचलित होऊ नये, एवढाच. परंतु तो आजही उपयोगी पडतो, आणि तालुक्याच्या न्यायालयातले वकीलसुद्धा तो क्वचितच काढतात.

येथे बसलेल्या तरुणांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ अटींनुसार चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो. निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या ओळखपत्रासाठी सुभेदाराची मुलगी उच्च न्यायालयापर्यंत गेली, ते ओळखपत्र ज्यावर उभे आहे तो दर्जाच या मुलांना नाही. एकाच खंदकात, एकाच गोळीपुढे उभ्या असलेल्या दोघांत अशी वाटणी करणे मला न्याय्य वाटत नाही, आणि नकारा निकाल वाचलेल्या कोणालाही ते सहज पटेल असे वाटत नाही.

आता थोडे कामाचे. विधवा असो वा मुलगी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायद्याचा सल्ला मिळावा, हा तिचा उद्देश. आपल्या जिल्हा कचेरीत ते केंद्र आहे की नाही, हे विचारायला चौघांनी मिळून जावे. एकट्याला ‘उद्या या’ म्हणतात, चौघांना म्हणत नाहीत.

नकार तोंडी घेऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकारही लेखी मागावा, आणि तो कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमान्वये दिला ते त्यावर लिहून घ्यावे. म्हैसूरच्या त्या मुलीला न्यायालयात जाता आले, कारण आव्हान देण्याजोगा नियम तिच्या हातात होता. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची आहे. ती उलटली असली तरी निवृत्तिवेतनाच्या बाबतीत निराश होऊ नये, कारण दरमहा न मिळणारे वेतन हा दरमहा नव्याने होणारा अन्याय मानला जातो. मात्र २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. उशिराचे प्रत्येक वर्ष त्यातून कापले जाते. तेव्हा डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, वैद्यकीय मंडळाचे कागद ज्यांच्या पेटीत आहेत त्यांनी ते या आठवड्यातच बाहेर काढावेत. कोणाला इंग्रजी कागद वाचून हवा असेल तर सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे.